सहाव्या आठवड्यात वर्ग अर्धा का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) गेल्या वर्षापासून अर्धवेळ संख्याशास्त्र शिकवते. पहिल्या दिवशी यादीत ३४ नावं होती, सहाव्या आठवड्यात १८ उरली. गेलेली बहुतेक लॅटिनो आणि ब्लॅक मुलं, घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. सहकारी म्हणतात, कोविडनंतर या मुलांची अभ्यासाला बसायची सवयच मोडली. हे खरं आहे का? आणि आठवड्यातून दोनदा येऊन जाणाऱ्या माझ्यासारखीने यात काय करावं?

ताई, मी सेंट्रल व्हॅलीतल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या शेतीच्या पट्ट्यातल्या, अशाच एका कॉलेजात सतरा वर्षं काउन्सेलर आहे. सवय मोडली हे मला पटत नाही. माझ्यासमोर जी मुलं येऊन बसतात त्यांच्यातली फार थोडी स्वतःहून शिक्षण सोडतात. बाकीची एखाद्या ठरावीक दिवशी, एखाद्या छोट्याशा कारणाने यादीतून बाहेर पडतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. इतक्या वर्षांत मला एवढं पक्कं कळलं आहे की गळतीला तारीख असते. ती तारीख माहीत असली तर तिच्या आदल्या आठवड्यात काहीतरी करता येतं.

आधी कोविडने काय केलं ते सांगते, कारण स्टाफरूममधलं मत तिथूनच आलेलं आहे. मार्च २०२० मध्ये सगळं आठवड्याभरात ऑनलाइन गेलं. त्या वर्षीच्या फॉलमध्ये, म्हणजे शरदातल्या सेमिस्टरमध्ये, देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या साधारण दहा टक्क्यांनी घटली. पहिल्यांदाच प्रवेश घेणारे एकवीस टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांतल्या ब्लॅक, लॅटिनो आणि मूळनिवासी अमेरिकन मुलांमध्ये ही घट तीस टक्क्यांच्या आसपास गेली. हे उलटं होतं. २००८ च्या मंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा लोक आमच्याकडे धावत आले होते, वर्गांत खुर्च्या पुरत नव्हत्या. या वेळी नोकऱ्या गेल्या आणि लोकही गेले. कारण या वेळी नोकरीबरोबर शाळा आणि पाळणाघरंही बंद झाली, घरात माणसं आजारी पडली, आणि ज्यांच्या नोकऱ्या टिकल्या ते पॅकिंग शेडमध्ये, गोदामात, वृद्धाश्रमात राबत होते. ती कामं घरून होत नाहीत. पुढे आकडे सावरले, पण त्यात हायस्कूलमधूनच आमचे एकदोन विषय घेणाऱ्या मुलांचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये गेलेली पंचवीस वर्षांची आई त्या आकड्यात परत आली असं समजू नका.

आपल्या मराठी घरांमध्ये कम्युनिटी कॉलेजचं नाव जरा आवाज खाली करून घेतलं जातं, कुणाच्या मुलाला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नाही की. तुम्ही तिथे शिकवता, म्हणून स्पष्ट लिहिते. या देशातल्या कम्युनिटी कॉलेजांत साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. कमावते असतात, बरेचसे आईबाप असतात. कॉलेज ही त्यांच्या दिवसातली तिसरी पाळी असते. अशा माणसाच्या आयुष्यात शंभर डॉलरचा खड्डा पडला तर आधी काय सुटणार हे उघड आहे.

आता तारखांकडे येते.

पहिली तारीख सेमिस्टर सुरू होण्याच्या आधीचीच असते. मागच्या वेळची थोडी फी, पार्किंगचा दंड, न परत केलेलं कॅल्क्युलेटर यांतलं काहीतरी खात्यावर राहतं आणि पोर्टलवर होल्ड लागतो. होल्ड असला की पुढच्या सेमिस्टरला नाव घालता येत नाही. मुलगी पोर्टल उघडते, लाल पट्टी बघते, बंद करते. मी पाहिलेल्या होल्डांतले बरेचसे दोनशे डॉलरच्या आतले होते. एकीचा ९२ डॉलरचा होता. ती दोन सेमिस्टर घरी बसली आणि आम्ही आमच्या तक्त्यात तिला ‘स्वेच्छेने सोडलं’ या रकान्यात टाकलं होतं. ती चूक आमच्याच ऑफिसची होती, मी स्वतः तो तक्ता भरत होते. केंद्र सरकारचा कोविड मदतनिधी आला तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी ही जुनी बाकी पुसून टाकली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये किमान पन्नास हजार विद्यार्थ्यांची मिळून साडेबारा कोटी डॉलरपर्यंतची बाकी माफ करायचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात बाकीसाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, अडवून ठेवायला २०२० पासून कायद्याने बंदी आहे. नावनोंदणी अडवणारा होल्ड मात्र अनेक ठिकाणी लागतो. तो निधी आता संपला, आणि होल्ड पुन्हा साठत चालले आहेत.

दुसरी तारीख सेन्ससची, म्हणजे वर्गाचा पट पक्का करण्याची. सेमिस्टरचा साधारण पाचवा भाग उलटला की हा दिवस येतो, सोळा-सतरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये तिसरा-चौथा आठवडा. त्याआधी न येणाऱ्यांची नावं काढायची जबाबदारी शिक्षकावर असते, हे तुम्हाला सांगितलं असेलच. अलीकडे यात एक नवं दुखणं आलं आहे. २०२१ पासून आमच्याकडे खोट्या नावांनी, कॉम्प्युटरच्या मदतीने हजारो अर्ज येऊ लागले, मदतीचे पैसे लाटण्यासाठी. त्यामुळे शिक्षकांवर दडपण असतं की पहिल्या आठवड्यात उत्तर न देणाऱ्याला लगेच काढा. पण पहिल्या आठवड्यात उत्तर न देणाऱ्यांत खरी माणसंही असतात. कोणाचा लॅपटॉप अजून यायचा असतो, कोणाची शिफ्ट बदललेली असते. नाव काढण्याआधी एक फोन करा. चोर फोन उचलत नाही. विद्यार्थी उचलतो किंवा उलट फोन करतो.

तिसरी तारीख कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. सेमिस्टरचा साठ टक्के काळ पूर्ण होण्याआधी विद्यार्थ्याने सगळे विषय सोडले तर केंद्राच्या मदतीचा, म्हणजे मुख्यतः पेल ग्रँटचा, हिशेब नव्याने होतो. जेवढे दिवस हजर होता तेवढीच मदत ‘कमावली’ असं धरतात. उरलेल्यातला काही भाग कॉलेज सरकारला परत करतं आणि विद्यार्थ्याच्या नावावर बिल लावतं. आमच्याकडे फी युनिटला (विषयाचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर, आणि गरजूंना तीही माफ असते. म्हणजे पेलचे पैसे फीला लागतच नाहीत, ते घरभाड्यात आणि गाडीच्या टायरमध्ये कधीच गेलेले असतात. पाचव्या आठवड्यात मूल आजारी पडलं म्हणून जी आई गेली तिला दोन महिन्यांनी बिल येतं. बिलाचा होल्ड होतो. होल्ड म्हणजे पुन्हा पहिली तारीख. हे चक्र लक्षात घ्या. तुमच्या वर्गातून ‘गायब’ झालेला माणूस वर्षभराने परत यायला निघतो तेव्हा त्याला हेच दार बंद दिसतं.

त्यामुळे जायच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्याला तुमचं पहिलं वाक्य हे असू दे: “सगळे विषय एकदम सोडू नकोस, आधी फायनान्शियल एडच्या खिडकीशी जा.” चारातले दोन विषय धरून ठेवले तरी हिशेब पुष्कळ वेगळा होतो. आणि गेलेल्याची ‘शेवटची हजेरी’ विचारली जाते तेव्हा अंदाजाने लिहू नका. त्याने एखादी क्विझ सोडवली असेल, चर्चेत काही लिहिलं असेल, ते शोधा. तुम्ही लिहिलेल्या त्या तारखेवर कोणाच्या तरी डोक्यावरचे काहीशे डॉलर ठरतात.

चौथी तारीख विषय अधिकृतपणे सोडण्याची, सेमिस्टरच्या तीन चतुर्थांशाच्या सुमारास. ती उलटली की डब्ल्यूऐवजी (विषय सोडल्याची नोंद) एफ, म्हणजे नापास, लागतो. निम्मी मुलं ती उलटू देतात, कारण घरात कोणालाच माहीत नसतं की न आल्याने नाव आपोआप निघत नाही. ही तारीख फळ्यावर लिहून ठेवा आणि पुसू देऊ नका.

एफ लागल्यावर काय होतं ते एकाच्या कहाणीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. २०२२ च्या फॉलमध्ये बावीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याची मदत बंद झाली होती. मदत चालू राहायला साधारणपणे सरासरी २.० लागते आणि घेतलेल्या युनिटांपैकी सदुसष्ट टक्के पूर्ण व्हावी लागतात. त्याचे २०२१ च्या स्प्रिंगचे तीनही विषय एफ होते. अशा वेळी अपील करता येतं: घरात मृत्यू, आजारपण, हाताबाहेरचं काही घडलं असेल तर ते लिहायचं आणि पुढे कसं सावरणार ते सांगायचं. त्याने अपील लिहून आणलं होतं. चार ओळी. मी आळशी होतो, माझं लक्ष नव्हतं, या वेळी जास्त मेहनत करीन.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, त्या जानेवारीत तुझा दिवस कसा जायचा? तो बराच वेळ टोपीची कड दुमडत राहिला. मग म्हणाला, फोनवर. वडील हॉस्पिटलमध्ये होते, आत कोणाला सोडत नव्हते. आई मिश्तेको ही मेक्सिकोतल्या मूळनिवासींची भाषा बोलते, स्पॅनिशही तिला तुटकंच येतं. डॉक्टर इंग्रजीत सांगायचे, हा ते स्पॅनिशमध्ये मावशीला, मावशी मिश्तेकोत आईला. वडील गेल्याचंही त्यानेच ऐकलं आणि त्यानेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यापासून तो वडिलांच्या जागी पॅकिंग शेडमध्ये उभा राहिला. हे त्याने कॉलेजात कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आणि स्वतःबद्दल त्याने निवडलेला शब्द होता ‘आळशी’.

आम्ही दोघांनी ते पत्र पुन्हा लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला. कोविडसाठी आलेल्या २०२० च्या मदत कायद्याने साथीमुळे अर्धवट राहिलेली युनिटं या हिशेबातून वगळायची मुभा कॉलेजांना दिली होती, आणि कॅलिफोर्नियात हाताबाहेरच्या कारणासाठी ‘एक्सक्यूज्ड विथड्रॉवल’ अशी वेगळी नोंदही मागता येते, जिचा प्रोबेशनच्या, म्हणजे प्रगती कमी पडल्यावर मिळणाऱ्या ताकिदीच्या, मोजणीत फटका बसत नाही. तीही मागितली, दीड वर्ष मागची. मंजूर झाली. त्याने दोन विषयांपासून पुन्हा सुरुवात केली, आणि आता त्याचे दोनच विषय राहिले आहेत. अशी मुभा असते हे आजही बहुतेक शिक्षकांना ठाऊक नसतं. तुमच्याकडे जुने एफ घेऊन आलेला कोणी असेल तर त्याला विचारा, तेव्हा काय झालं होतं. उत्तर ऐकून घ्या आणि मग त्याला काउन्सेलरकडे पोचवा. नुसतं ‘जा’ म्हणू नका, दारापर्यंत जा.

याच संदर्भात पत्रांचं एक सांगते. प्रोबेशनचं आमचं जुनं पत्र पोलिसांच्या नोटिशीसारखं होतं: पहिल्याच ओळीत नियमाचा क्रमांक, मग परिणाम, मग शेवटी भेटीची लिंक. कोर्टकचेरीची भीती घेऊन वाढलेल्या घरात असं पत्र आलं की आई म्हणते, नको बाबा ते कॉलेज. आम्ही ते बदललं. पहिल्या ओळीत काउन्सेलरचं नाव आणि थेट फोन, दुसऱ्या ओळीत ‘असं बऱ्याच जणांचं होतं आणि यातून मार्ग आहे’, नियम खाली. स्पॅनिशमध्येही पाठवलं. येणाऱ्यांची संख्या लगेच वाढली. काम फक्त एका दुपारचं होतं.

पोटाचा प्रश्न अभ्यासापासून वेगळा काढता येत नाही. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’मधून शिकले, सकाळी शेतात काम आणि मग वर्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, कारण खेड्यातल्या पोराला आधी जेवायला आणि झोपायला जागा लागते हे त्यांना दिसत होतं. इथे येऊन मी तेच करते असं मला मनापासून वाटतं. कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात मूलभूत गरजांचं केंद्र ठेवणं आलं: धान्य, कपडे, तातडीचे पैसे, घराची मदत. तुमच्या कॉलेजात ते कोणत्या इमारतीत आहे ते आजच जाऊन बघा, तिथल्या माणसाचं नाव विचारून घ्या.

अन्नाच्या सरकारी मदतीचा नियम मात्र समजून घेण्यासारखा आहे. पूर्णवेळच्या निम्मी किंवा त्याहून जास्त युनिटं घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती मदत साधारणपणे मिळत नाही, आठवड्याला वीस तास काम किंवा दुसरी एखादी सवलत असल्याशिवाय. साथीच्या काळात ही अट बरीच सैल केली होती. २०२३ मध्ये आणीबाणी संपली आणि सैलपणाही संपला. जी मुलगी वीस तास भरायला जास्त शिफ्ट घेते तीच तुमच्या वर्गातून गायब होते. यावर एक वाट आहे: ईओपीएस नावाचा कार्यक्रम, १९६९ पासून चालत आलेला, गरीब आणि शिक्षणात मागे ठेवल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी. त्यात नाव असलं की इथे ती वीस तासांची अट सुटू शकते. शिवाय पुस्तकांना पैसे मिळतात, नोंदणीत आधी नंबर लागतो आणि सेमिस्टरमध्ये काउन्सेलरच्या ठरावीक भेटी होतात. त्याला बहुधा पूर्णवेळ शिकावं लागतं, म्हणून सगळ्यांना जमत नाही. पण ज्यांना जमेल त्यांतल्या अर्ध्यांनी त्याचं नावच ऐकलेलं नसतं.

नुसती आपुलकी पुरते का, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २००७ पासून ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम चालतो. पूर्णवेळ शिकायची अट, आणि त्या बदल्यात राहिलेली फी, मेट्रोचं कार्ड, पुस्तकांचा खर्च आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा एक सल्लागार. सोडत काढून अभ्यास केला तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणारे असॅपमध्ये चाळीस टक्के निघाले, बाहेर बावीस. ओहायोतल्या तीन कॉलेजांत तेच करून पाहिलं, तिथेही जवळपास दुप्पट. मला त्यातलं मेट्रोचं कार्ड फार महत्त्वाचं वाटतं. ते दर महिन्याला सल्लागाराला भेटून घ्यायचं असतं. मुलगा कार्डासाठी येतो, आणि आला की कोणीतरी त्याला विचारतं, कसं चाललंय. आमच्या व्हॅलीत मेट्रो नाही, म्हणून आम्ही पेट्रोलचं कार्ड त्याच पद्धतीने देतो, जेवढे पैसे हाती येतील तेवढं.

तुमच्या स्वतःच्या वर्गाचं सांगायचं तर पुस्तक फुकट मिळणारं निवडा. शून्य खर्चाच्या पुस्तकांसाठी राज्याने २०२१ मध्ये ११.५ कोटी डॉलर ठेवले होते, संख्याशास्त्राची चांगली मोफत पुस्तकं आहेत. पहिली परीक्षा दुसऱ्या आठवड्यातच घ्या, छोटी, म्हणजे कोण मागे पडतंय ते सेन्ससच्या आधी दिसेल. २०१७ च्या कायद्यानंतर आपल्याकडे मुलं थेट पदवीच्या गणितात बसतात, पूर्वीसारखे पायाचे तीन-तीन वर्ग लागत नाहीत. हे चांगलंच झालं, त्या पायऱ्यांवर आम्ही हजारो मुलं गमावली होती. पण त्याबरोबर जोडवर्ग आणि शिकवणी असते, ती मुलापर्यंत पोचवणं शिक्षकाच्याच हातात असतं. गृहपाठ रात्री बारापर्यंत मागू नका. दोन ते दहाच्या पाळीवाल्याला सकाळी आठ बरं पडतं. ऑनलाइन वर्गाला नाकं मुरडू नका. माझी एक विद्यार्थिनी पूर्ण एक सेमिस्टर कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून शिकली, कारण वाय-फाय तिथपर्यंत यायचं. मागच्या सीटवर तिचा पहिलीतला मुलगा स्वतःच्या टॅब्लेटवर त्याची शाळा करत असे. दोघांचे माइक एकमेकांना त्रास देऊ नयेत म्हणून ती काच खाली करून बाहेर तोंड काढून बोलायची. तिला बी मिळाला.

सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर घेऊ नका. अर्धवेळ शिक्षकाला वर्गाबाहेरच्या तासांचे पैसे क्वचितच मिळतात, हे अन्यायाचं आहे आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते. म्हणून सगळ्यांना नाही, फक्त त्या आठवड्यात दोनदा न दिसलेल्यांना फोन करा. तुमच्या वर्गात ते पाच-सहा असतील, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. “का आला नाहीस?” असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून माफीच मिळते. “यायला काय अडतंय?” असं विचारा आणि मग गप्प राहा. गाडी म्हणाला तर मूलभूत गरजांच्या केंद्राचा नंबर द्या, मूल म्हणाली तर कॉलेजच्या बालवाडीचा, बिल म्हणाली तर फायनान्शियल एडचा, आणि काहीच सांगितलं नाही तर काउन्सेलरचं नाव आणि “मंगळवारी तुझी जागा धरून ठेवते” एवढंच. पहिल्यांदा कोणी उचललं नाही तर मेसेज टाका आणि रात्री साडेदहानंतर चालेल का ते विचारा, दुसरी पाळी तेव्हा सुटते.